लगाम आपल्या हाती : शिंदखेडा ते लांडोर बंगला

धुळे जिल्ह्यातील आंबेडकरी जनतेला ३१ जुलै या तारखेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. सन १९३७ मध्ये या दिवशी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका खटल्याच्या कामासाठी धुळ्यास आले होते आणि लळिंगच्या कुरणातील लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम झाला होता. त्या स्मृतीला वंदन करण्यासाठी दरवर्षी ३१ जुलैला लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रा भरते. पूर्वी लोक एस.टी.ने धुळ्यापर्यंत येत आणि पुढे मिळेल त्या वाहनाने किंवा पायी जात. आता तरुण मंडळी मोटारसायकलीवरूनच निघतात.

मोटारसायकल आपल्या वस्तीत आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. ज्या गावाला एस.टी. दिवसातून एकदा येते, तिथल्या माणसाला कामावर, दवाखान्यात, तहसील कचेरीत जायचे तर दुसरा इलाज नाही. हप्त्यावर का होईना, गाडी दारात आली आहे. पण गाडी आली म्हणजे ती चालविण्याचे शिक्षणही आले, असे झालेले नाही. जयंतीच्या रॅलीत एका गाडीवर तिघे, डोक्यावर निळी पट्टी आहे पण हेल्मेट नाही, सायलेन्सर काढलेला, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या दिवशी घरी बसलेल्या आईबापांच्या जिवाला किती घोर असतो, हेही आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून आम्ही शिंदखेड्याच्या काही कार्यकर्त्यांनी ठरविले की, यात्रेच्या आधीच्या रविवारी लांडोर बंगल्यापर्यंत एक दिवसाची सामुदायिक मोटारसायकल सहल काढायची. रॅली नव्हे, घोषणा नव्हेत, स्पर्धा तर मुळीच नाही. आणि मोठ्या रस्त्याने न जाता शक्य तितके आडरस्त्याने, खडी-मुरमाच्या रस्त्याने जायचे. कारण दोन. मुंबई-आग्रा महामार्गावर ट्रक-कंटेनरच्या रांगेत नवशिक्याला काही शिकता येत नाही. शिवाय आपल्या माणसांचे रोजचे जाणे-येणे याच आडरस्त्यांवर आहे. शेतमजुरीला जाणारा, अंगणवाडीला जाणारी, आश्रमशाळेत मुलाला भेटायला जाणारा, हे सर्व खडीवरून जातात. तिथे नीट चालविता आले पाहिजे.

तयारी

सोळा गाड्या आणि सत्तावीस माणसे जमली. त्यांत शिक्षक होते, कचेरीतले कर्मचारी होते, एक गॅरेजवाला भाऊ, एक निवृत्त एस.टी. ड्रायव्हर काका, कॉलेजची मुले आणि सहा भगिनी होत्या. सहापैकी तिघी स्वतः गाडी चालविणार होत्या. आदल्या रविवारी विहाराच्या आवारात सर्वांना बोलावून गाड्या तपासल्या. गॅरेजवाल्या भाऊने प्रत्येक गाडीची चेन, ब्रेक, टायर आणि दिवे पाहिले. टायर घासून गुळगुळीत झालेल्या दोन गाड्या त्याने सरळ नाकारल्या. मालक नाराज झाले, पण दुसऱ्याच्या गाडीवर मागे बसून यायला तयार झाले.

नियम मोजके ठेवले. गाडीवर दोघांपेक्षा जास्त नाही. चालविणारा आणि मागे बसणारा, दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट. ही आमची मर्जी नव्हे, कायदाच आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२८ मध्ये पहिली गोष्ट आहे आणि १२९ मध्ये दुसरी. लायसन नसलेल्याने हँडल धरायचे नाही. पंचशीलातले पाचवे शील त्या दिवशी आणि इतर दिवशीही पाळायचे. आणि शेवटचा नियम काकांनी सुचविलेला : वाटेत धोक्याच्या जागी एकाने जरी ‘मला नको वाटते’ म्हटले, तरी सर्वांनी थांबायचे. बहुमत घ्यायचे नाही. या नियमावर तरुण मंडळी थोडी हसली. पण नियम राहिला.

खडीवरचा धडा

सकाळी सहाला त्रिशरण-पंचशील घेऊन आम्ही निघालो. रात्री पाऊस होऊन गेला होता. चिमठाण्यापर्यंत रस्ता बरा आहे. या भागात आले की साळवे-चिमठाण्याच्या खजिना लुटीची आठवण निघतेच. १४ एप्रिल १९४४ रोजी क्रांतिकारकांनी धुळ्याहून नंदुरबारकडे जाणारा इंग्रज सरकारचा खजिना इथे अडवून लुटला होता. आपल्यासाठी १४ एप्रिल म्हणजे जयंती. त्याच तारखेचा हा दुसरा इतिहास आपल्याच तालुक्यात घडला आहे, हे आमच्यातील कॉलेजच्या मुलांना त्या दिवशी प्रथम कळले.

पुढे आम्ही मोठा रस्ता सोडला. दोन्ही बाजूंना कपाशी आणि मका, मध्ये मुरूम टाकलेला रस्ता, मधेच उखडलेली खडी, मधेच नुसती काळी माती. सर्वांत पुढे काका, त्यांना आम्ही वाटाड्या म्हणत होतो. सर्वांत मागे गॅरेजवाला भाऊ, तो राखणदार. फाटा आला की मागची गाडी नजरेस पडेपर्यंत पुढच्याने वळायचे नाही. त्यामुळे दिवसभरात एकही गाडी चुकली नाही आणि कोणाला मोबाईल कानाला लावून गाडी चालवावी लागली नाही.

खडीच्या पहिल्या पट्ट्यात सर्वांचे वेग आपोआप उतरले. तिथे थांबून भाऊने जो धडा दिला तो वाचकांसाठी लिहून ठेवतो. सुट्या खडीवर पुढचा ब्रेक एकदम दाबला की चाक घसरते आणि माणूस पडतो. वेग आधीच कमी करावा, खालचा गिअर टाकावा, मागचा ब्रेक हळूहळू लावावा. वळणात ब्रेक नको, वळणाच्या आधी लावावा. हँडल मुठी आवळून धरू नये. कोपर सैल ठेवावे. खडीवर चाक थोडे इकडेतिकडे होणारच, त्याला होऊ द्यावे. नजर चाकापुढच्या दगडावर ठेवली तर चाक नेमके त्या दगडावर जाते. म्हणून नजर लांब ठेवावी. दोन गाड्यांत भरपूर अंतर ठेवावे, कारण पुढच्या चाकाने उडविलेला खडा मागच्याच्या तोंडावर येतो. मागे बसणाऱ्याने चालविणाऱ्याबरोबरच कलावे, उलट बाजूला अंग टाकू नये. भगिनींनी साडीचा पदर व ओढणी खोचून घ्यावी. चाकात किंवा चेनमध्ये कापड अडकून होणारे अपघात फार वाईट असतात.

काळ्या मातीचा धडा तर मातीनेच दिला. खान्देशची काळी जमीन ओली झाली की चाकाला लिंपते, मडगार्डमध्ये ठासून बसते आणि शेवटी चाकच फिरेनासे होते. कितीही अ‍ॅक्सिलेटर पिळला तरी गाडी जागची हलत नाही, क्लच मात्र जळतो. तीन गाड्या अशा अडकल्या. बांधावरची काडी घेऊन माती खरवडून काढावी लागली. एका शेतात निंदणी करणाऱ्या बाया आमच्याकडे पाहून हसल्या. त्यांच्यातील एक आजी बांधावर आल्या आणि विचारले, “कथा जाई ऱ्हायनात, भाऊ?” आम्ही म्हटले, “लळिंगले, लांडोर बंगलावर.” त्यांनी तिथूनच दोन्ही हात जोडून ‘जयभीम’ केला आणि कळशीतले पाणी प्यायला दिले.

फरशीवर

नऊच्या सुमारास एका नाल्यावरची फरशी लागली. फरशी म्हणजे पूल नव्हे. नाल्याच्या तळावर बांधलेला सिमेंटचा ओटा, त्याला कठडा नाही, कडेला अंतराअंतरावर दगड बसविलेले. वरच्या अंगाला जास्त पाऊस झाला असावा. गढूळ पाणी फरशीवरून वाहत होते आणि कडेचे दगड कुठे दिसत होते, कुठे नव्हते.

तीन-चार तरुणांचे म्हणणे पडले की, पाणी गुडघ्याच्याही खाली आहे, गाड्या सहज निघतील. एकाने तर गाडी सुरूही केली. तेवढ्यात आमच्यातील एक भगिनी, ज्या रोज स्कूटीवरून अंगणवाडीला जातात, त्या म्हणाल्या, “मला नको वाटते.” नियमाप्रमाणे सर्वांनी इंजिने बंद केली. पलीकडच्या काठावर बैलगाडी सोडून बसलेले एक म्हातारे बाबाही ओरडून म्हणाले, “गाडी दुसरी भेटी, जीव भेटाव नही.”

तरुणांची कुजबुज ऐकू येत होती. एका बाईने नको म्हटले म्हणून सोळा गाड्या अडल्या, लोक काय म्हणतील, असा तो सूर होता. तेव्हा नाल्याच्या काठी बसून काकांनी त्यांना चाळीसगावची हकीकत सांगितली. ती आपल्या खान्देशातली असूनही पुष्कळांना नीट माहीत नसते, म्हणून इथे देतो.

ही सन १९२९ ची गोष्ट. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सभासद होते आणि खान्देशचे दोन जिल्हे त्यांच्याकडे होते. धुळे मार्गावरील एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता. त्याची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. स्टेशनवर समाजातील लोक हार घेऊन उभे होते. महारवाडा स्टेशनपासून सुमारे दोन मैलांवर, नदीच्या पलीकडे होता. टांगे पुष्कळ उभे होते, पण अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. बाबासाहेबांनी पायी चालावे हे लोकांना पटेना. शेवटी तडजोड झाली. टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. आपल्यातील एकाने लगाम हाती घेतला. त्याने पूर्वी कधी टांगा हाकलेला नव्हता. थोड्याच अंतरावर मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरच्या फरशीवर घोडा बिथरला, चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि घोडा-टांगा नदीत पडला. बाबासाहेबांचा पाय मोडला. ते बरेच दिवस अंथरुणाला खिळून होते.

बाबासाहेबांनी ही हकीकत ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत लिहिली आहे. त्यात ते दोन गोष्टी सांगतात. एक म्हणजे बॅरिस्टर झालेल्या माणसापेक्षाही टांगेवाला स्वतःला श्रेष्ठ समजतो, ही जातीची करणी. आणि दुसरी गोष्ट आपल्या लोकांविषयी. पाहुण्याचा मान राखण्याच्या नादात पाहुण्याचा जीव धोक्यात घातला गेला, हे बाबासाहेबांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे. मानापेक्षा जिवाची सुरक्षितता मोठी, हा त्याचा अर्थ.

त्याच आठवणींत १९०१ ची मसूर स्टेशनची हकीकत आहे. लहानगा भीम आपल्या भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर वडिलांकडे, खटाव तालुक्यातील गोरेगावी निघाला होता. जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एकाने बैलगाडी दिली, ती या अटीवर की मुलांनी ती स्वतः हाकावी. म्हणजे १९०१ ला बैलगाडी आणि १९२९ ला टांगा. दोन्ही वेळा पैसे घेऊन वाहन दिले, पण हाकणारा दिला नाही.

काका एवढेच म्हणाले, “तेव्हा आपल्याला लगाम हाती धरायला शिकायची संधीच नव्हती. आज आहे. मग आपण न शिकता फरशीवर गाडी का घालायची?” ज्याने गाडी सुरू केली होती त्यानेच पहिल्यांदा गाडी मागे वळविली. लांबच्या वाटेने आम्हाला दीड तास जास्त लागला. त्याची तक्रार नंतर कोणी केली नाही.

लांडोर बंगल्यावर

धुळे ओलांडून दक्षिणेला गेले की महामार्गालगत लळिंगचा किल्ला दिसू लागतो. फारुकी राजवटीच्या काळातला हा जुना किल्ला. जवळच लळिंगचे कुरण, वनखात्याच्या ताब्यातले. मोठा रस्ता सोडून कच्च्या वाटेने आत शिरलो की गाड्यांचा आवाजही नकोसा वाटतो. लांडोर म्हणजे मोराची मादी. बंगल्याच्या नावातच इथल्या रानाची ओळख आहे. आम्ही हॉर्न बंद ठेवले आणि एकामागून एक सावकाश गेलो. दोनदा मोराची केका ऐकू आली.

यात्रेच्या दिवशी इथे पाय ठेवायला जागा नसते. त्या रविवारी मात्र शांतता होती. वंदना घेतली, पुष्प वाहिले आणि झाडाखाली बसून शिदोऱ्या सोडल्या. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. जेवताना एका मुलीने विचारले, “बाबासाहेब कधी असे सहलीला गेले होते का?” गेले होते. सन १९३४ मध्ये चळवळीतील सुमारे तीस सहकाऱ्यांसह ते वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याबाहेरील हौदावर सर्वांनी हातपाय धुतले, तर पाणी बाटविले म्हणून लोक अंगावर धावून आले. सहलीचा आनंदही सुखाने घेऊ दिला गेला नाही. आम्ही मात्र वाटेत कोणाच्याही कळशीतले पाणी प्यालो, चहाच्या टपरीवर बसलो, गावागावांतून गाड्या नेल्या. हे आपोआप घडलेले नाही. त्रावणकोरमध्ये वैकोमच्या मंदिराभोवतीच्या नुसत्या रस्त्यांवरून चालण्यासाठी १९२४ साली सत्याग्रह करावा लागला होता. आपल्या संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव यांच्याबरोबर रस्ते हा शब्द मुद्दाम घातलेला आहे आणि १९ व्या अनुच्छेदात देशभर मोकळेपणाने फिरण्याचा हक्क आहे. रस्त्यावर गाडी घेऊन जाताना तो हक्क आपण वापरीत असतो.

आणि म्हणूनच तो जबाबदारीने वापरला पाहिजे. भगवान बुद्धांनी अप्रमादाला, म्हणजे सावधपणे व जागृत राहून वागण्याला, मोठे स्थान दिले आहे. धम्मपदाचा दुसरा वग्गच अप्पमाद वग्ग आहे. वंदनेला बसल्यावर अप्रमाद आणि गाडीवर बसल्यावर प्रमाद, असे करून कसे चालेल?

भगिनींच्या हाती हँडल

परतताना एक चांगली गोष्ट घडली. सकाळी ज्या तीन भगिनी मागे बसून आल्या होत्या, त्यांतील एकीकडे लायसन होते, पण घरची गाडी नवरा आणि मुलगाच चालवीत असत. कुरणाच्या कच्च्या वाटेवर तिने हँडल मागितले आणि चिमठाण्यापर्यंत गाडी तिनेच चालविली. मुलगा मागे बसला होता. सुरुवातीला तो दर वळणावर सूचना देत होता, नंतर गप्प झाला. आपल्या घरात गाडी येते तेव्हा तिची किल्ली खिळ्यावर कोणाच्या नावाने लटकते, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा. रात्री घरात कोणी आजारी पडले आणि घरचा पुरुष गावाला गेलेला असला, तर त्या माउलीने कोणाच्या तोंडाकडे पाहायचे? मुलगी अठरा वर्षांची झाली की मुलाप्रमाणे तिलाही लायसन काढून द्यावे.

जमाखर्च

अशा कार्यक्रमाला फार पैसा लागतो असे कोणी समजू नये. पेट्रोल ज्याचे त्याने घातले. वर्गणी प्रत्येकी १५० रुपये, सत्तावीस जणांचे ४,०५० रुपये जमले. पंक्चरचे सामान व जादा ट्यूब ६२० रुपये, प्रथमोपचार पेटी ४८० रुपये, चहा व शिधा १,९०० रुपये, एकूण खर्च ३,००० रुपये. शिल्लक १,०५० रुपये. ही शिल्लक विहाराच्या नावे जमा करून तिच्यातून आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट घ्यायला सुरुवात केली आहे. वाचनालयातून पुस्तक नेतात तसे विहारातून हेल्मेट न्यावे, वहीत सही करावी आणि काम झाले की परत आणून ठेवावे. ज्यांच्याकडे दुसरे हेल्मेट घ्यायला पैसे नाहीत, त्यांची मागे बसणारी पत्नी किंवा मुलगी उघड्या डोक्याने जाऊ नये, एवढाच हेतू आहे.

आणखी दोन गोष्टी सर्वांनी लक्षात ठेवाव्यात. अपघात दिसला तर १०८ क्रमांकाला फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. आणि जखमीला मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, या भीतीने निघून जाऊ नये. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घालून अशा मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलेले आहे.

बंधु-भगिनींनो, ज्या समाजाला एकेकाळी टांगेवाला टांग्यात घेत नव्हता, त्या समाजाच्या दारात आज स्वतःची गाडी उभी आहे. आपापल्या गावात असे दहा-वीस जण जमवा. लांडोर बंगला असो, चाळीसगावजवळची पितळखोऱ्याची बौद्ध लेणी असोत, जवळचे एखादे ठिकाण निवडा. आधी गाड्या तपासा, मग माणसे निवडा आणि ज्याला भीती वाटते त्याचे म्हणणे आधी ऐका. येत्या ३१ जुलैला लळिंगला येणाऱ्या प्रत्येक गाडीवर दोन माणसे आणि दोन हेल्मेट असावेत आणि संध्याकाळी दोघेही सुखरूप घरी पोहोचावेत, एवढेच आमचे सर्वांना सांगणे आहे. जयभीम!